फावडं उचलण्याआधी: गावाची पाणी समिती काम कसं ठरवते आणि तडीला कसं नेते

मराठवाड्यात, माणदेशात, अहिल्यानगर-सोलापूरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात गेल्या पन्नास वर्षांत असंख्य गावांनी पाणी अडवण्याची कामं केली. त्यातली काही गावं आज फेब्रुवारीतही विहिरीला पाणी दाखवतात. बऱ्याच ठिकाणी मात्र चर बुजले, बंधाऱ्यात गाळ भरला आणि चार वर्षांत टँकर परत वेशीत आला. घाम दोन्हीकडे सारखाच गाळला गेला होता. फरक पडला तो खोदायच्या आधी गावात काय ठरलं आणि पावसाळा संपल्यावर कोण काय बघत राहिलं, यामुळे. म्हणून या लेखात खोदकामापेक्षा जास्त जागा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांना दिली आहे. गावात स्वयंसेवकांची पाणी समिती उभी करायची असेल किंवा असलेल्या ग्रामविकास मंडळाने हे काम हाती घ्यायचं ठरवलं असेल, तर दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंतचं एक वर्ष डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

समितीत कोण हवं

अकरा ते पंधरा माणसं पुरेत. त्याहून मोठी समिती कागदावर शोभते, पण बैठकीला नेहमीचेच सहाजण येतात. निवड करताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा: प्रत्येक वाडी-वस्तीवरचं एक माणूस, निदान एक तृतीयांश बाया, भूमिहीन घरांतले किमान दोघं, आणि गावात जे दोन राजकीय गट असतील त्या दोन्हींतली विश्वासाची माणसं. शेवटची अट जड जाते. पण ती टाळली तर काम सुरू होताच ‘हे त्यांचं काम’ असा शिक्का बसतो आणि अर्धं गाव घरी बसतं. सरपंचांना समितीचं अध्यक्ष करावं का, हा प्रश्न हमखास येतो. माझं मत असं की सरपंच आणि ग्रामसेवक (हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) पदसिद्ध सदस्य असावेत, पण रोजचं काम बघणारा माणूस निवडणूक न लढवणारा असावा.

समितीला अधिकार हवा असेल तर ती ग्रामसभेच्या ठरावाने नेमून घ्या. देणग्या स्वीकारायच्या असतील तर संस्था नोंदवणं बरं: किमान सात जण, १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. नोंदणीला वेळ लागतो, तेवढ्यासाठी काम अडवू नका. पण पहिला रुपया घ्यायच्या आधी बँकेत स्वतंत्र खातं आणि दोन जणांच्या सह्या, हे झालंच पाहिजे. त्यातली एक सही बाईची असू द्या. ज्या बचत गटांनी वर्षानुवर्षं पै-पैचा हिशेब ठेवला आहे, त्यांच्याइतकी तयार माणसं गावात दुसरी नाहीत.

शिवारफेरी आणि विहिरींची यादी

समिती बसली की पहिल्या महिन्यात कुठलंही काम ठरवू नका. आधी शिवार चाला. डोंगराच्या माथ्यापासून सुरू करून ओढ्याने खाली यायचं, गावाच्या वेशीपर्यंत. सोबत दोन म्हातारी माणसं हवीत, ज्यांना बहात्तरच्या दुष्काळात खोदलेली कामं आठवतात. पाझर तलाव कुठे आहे, नालाबांध कुठे फुटला, कुठला ओढा पूर्वी पौषापर्यंत वाहायचा, हे त्यांच्याकडूनच कळतं. गुराखी आणि मेंढपाळ यांनाही विचारा, माळावरचे झरे त्यांना माहीत असतात.

फेरीत तलाठ्याकडून घेतलेला गावनकाशा बरोबर ठेवा आणि जुनं प्रत्येक काम गट नंबरासह नोंदवा: बांध कुठल्या स्थितीत आहे, गाळ किती, सांडवा (जादा पाणी निघून जायची वाट) शाबूत आहे का. माझा अनुभव असा की जवळपास प्रत्येक गावात नव्या कामापेक्षा जुन्याची दुरुस्ती स्वस्त आणि जास्त फायद्याची निघते. फक्त जुन्या बंधाऱ्यावर नव्या माणसाच्या नावाची पाटी लागत नाही, त्यामुळे त्याच्याकडे कोणी बघत नाही.

नंतर विहिरी. प्रत्येक विहिरीचा मालक, खोली, बांधीव आहे का, कुठल्या महिन्यात आटते आणि तिच्यावर किती क्षेत्र भिजतं, एवढी पाच उत्तरं वहीत उतरवा. त्यातून गावाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागांतल्या मिळून आठ-दहा विहिरी कायमच्या निरीक्षणासाठी निवडा. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. वजन बांधलेली फीत पुरते. काठावर जिथून मोजता तिथे रंगाची खूण करा, नाहीतर दोन माणसांची दोन मापं येतात. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवा आणि सकाळी साडेआठची नोंद सातवी-आठवीच्या मुलांकडे द्या. तालुक्याच्या महसूल मंडळात नोंदलेला पाऊस आणि तुमच्या शिवारातला पाऊस यांत केवढी तफावत असते, ते एका पावसाळ्यात दिसेल.

पाण्याचा ताळेबंद

हा टप्पा बरेच जण गाळतात आणि माझ्या मते सगळं इथेच ठरतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजाराने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने १९८९नंतर जे उभं केलं, त्याबद्दल लोक चरांचं आणि झाडांचं कौतुक करतात. पण त्या गावात पावसाळा संपल्यावर पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरतं, ही शिस्त जास्त मोलाची आहे.

हिशेब अवघड नाही. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी होतं. हजार घनमीटर म्हणजे एक टीसीएम, अर्थात दहा लाख लिटर. समजा गावाचं क्षेत्र ८०० हेक्टर आणि पाऊस ५०० मिमी. एकूण पडलं ४,००० टीसीएम. ऐकायला प्रचंड वाटतं. पण आपल्या काळ्या पाषाणात, बसाल्टात, पावसाचा साधारण दहावा भागच भूजलात जातो, काही ठिकाणी त्याहून कमी. बाकीचं वाहतं, बाष्प होतं, खरिपाचं पीक आणि गवत पितं. म्हणजे विहिरींना मिळालं सुमारे ४०० टीसीएम. (तलाव-बंधाऱ्यांत अडलेलं पाणी वेगळं धरायचं, इथे ते सोडून देऊ.)

आता खर्च. लोकसंख्या १,५०० आणि माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला ३० टीसीएम. सहाशे मोठी जनावरं, प्रत्येकी ५० लिटर, तर ११ टीसीएम. हे ४१ आधी बाजूला काढायचे, त्यांना हात लावायचा नाही. उरले ३५९.

उसाला वर्षभरात साधारण २,००० मिमी पाणी लागतं. पावसाचे ५०० वजा केले तरी १,५०० मिमी वरून द्यावं लागतं, म्हणजे हेक्टरी १५ टीसीएम. या हिशेबाने अवघ्या २४ हेक्टर, साठ एकर उसात गावाचं सगळं उरलेलं भूजल संपतं. तेच पाणी रब्बी ज्वारीला दोन पाळ्यांत, एकूण १५० मिमी, दिलं तर हेक्टरी दीड टीसीएम, म्हणजे २३९ हेक्टर भिजतात. दहापट. हे आकडे खडूने फळ्यावर लिहून, देवळात सगळ्यांसमोर मांडा. उपदेशाची गरज पडत नाही. साठ एकर ऊस कोणाकोणाचा आहे ते गावाला ठाऊक असतं. त्या शेतकऱ्यांना आधी घरी जाऊन भेटा, भर सभेत त्यांना उघडं पाडू नका. त्यांच्यावर कारखान्याचं आणि सोसायटीचं कर्ज असतं, ऊस हे त्यांच्यासाठी खात्रीच्या पैशाचं पीक आहे. ठिबक, लागणीचं क्षेत्र थोडं थोडं कमी करणं, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा येणारं पीक) किती वर्षं ठेवायचा, अशा बोलण्यातूनच वाट निघते.

आकडे तुमच्या मातीप्रमाणे आणि पावसाप्रमाणे बदलतील. गावाचे कृषी सहायक आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय यांच्याकडून स्थानिक प्रमाणं घ्या. ते लोक विचारणाऱ्या गावाला आनंदाने मदत करतात.

खोदायच्या आधी वाटपाचे नियम

आता सगळ्यात नाजूक काम. पाणी वाढल्यावर ते कोणाचं? हा प्रश्न पाणी आल्यानंतर सोडवता येत नाही. पाणी दिसलं की पहिल्याच हिवाळ्यात नव्या बोअर पडतात, मोटारींचे हॉर्सपॉवर वाढतात आणि ज्यांनी चर खोदले त्यांच्या विहिरी इतरांच्या आधी कोरड्या होतात. म्हणून श्रमदानाची तारीख जाहीर करायच्या आधी निदान चार बाबी ठरावात आल्या पाहिजेत: पिण्याच्या विहिरीच्या परिसरात नवी विहीर किंवा बोअर नाही, शेतीसाठी खोल बोअर नाही (राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यानेच ६० मीटरपेक्षा खोल जायला बंदी आहे, गावाने त्याहून कडक ठरवायला हरकत नाही), तलावातून थेट मोटार लावून उपसा नाही, आणि दरवर्षी दसऱ्यानंतर ताळेबंद मांडून रब्बीचं क्षेत्र ठरवायचं.

भूमिहीनांचं काय, हा प्रश्न समितीने स्वतःहून काढावा. ज्याला वावर नाही त्याने दुसऱ्याच्या विहिरीसाठी उन्हात घमेली का वाहायची? पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग केला, तेव्हा पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिलं, भूमिहीनांनाही हक्क दिला, उसाला मनाई केली आणि सभासदांकडून खर्चाचा पाचवा हिस्सा घेतला. तितकं पुढे जाणं तुमच्या गावाला आज जमणार नाही कदाचित. मग निदान एवढं करा: रोजगार हमीतून होऊ शकणाऱ्या कामावर श्रमदान मागू नका, तिथे मजुरी मिळू द्या, चराईबंद माळावरचं गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीन घरांना द्या, तलावातली मासेमारी त्यांच्या गटाला द्या. हे शब्द ठरावात लिहिलेले असले पाहिजेत. तोंडी आश्वासन अशा ठिकाणी टिकत नाही, आणि एकदा फसलेलं माणूस पुन्हा फावडं उचलत नाही.

चराईबंदीचंही तसंच. शेळ्या बहुधा गरिबाच्याच असतात. संपूर्ण माळ एकदम बंद करण्याऐवजी तीन भाग करून आळीपाळीने बंद ठेवा आणि कुठला भाग कधी उघडायचा ते शेळ्या-मेंढ्यावाल्यांनाच ठरवू द्या.

कुठलं काम निवडायचं

तत्त्व जुनं आहे, माथा ते पायथा. वरून सुरुवात, खाली शेवट. खाली आधी बंधारा बांधला आणि वरचा माळ उघडाच राहिला तर दोन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो. तरी गावं खालूनच सुरुवात करतात, कारण बंधारा डोळ्यांत भरतो.

माळावर सलग समतल चर. ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल चर असेल तर एक मीटर लांबीत एका भरण्याला १८० लिटर पाणी थांबतं. चर समपातळीतच हवा. एक टोक जरी खाली असलं तरी पाणी तिकडे धावतं, तिथून फुटतं आणि घळ पाडतं. पातळी काढायला ए-फ्रेम पुरते: दोन सारखे बांबू वर बांधायचे, मधे आडवी पट्टी, वरून दोरीला दगड. सपाट जागी दोन्ही पायांच्या खुणा करून दोरी पट्टीवर कुठे टेकते ते बघायचं, मग पाय अदलाबदल करून पुन्हा बघायचं. दोन खुणांच्या बरोबर मध्ये समपातळीची खूण. मग माळावर एक पाय रोवून दुसरा हलवत दोरी मधल्या खुणेवर आणायची आणि फक्कीने रेघ मारत जायचं. शाळकरी पोरं हे अर्ध्या तासात शिकतात. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला, थोडी जागा सोडून, आणि पहिल्या पावसाच्या सुमारास तिच्यावर गवताचं बी. सह्याद्रीच्या तीव्र उतारावर आणि कोकणातल्या डोंगरांवर मात्र हा प्रकार तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय करू नका. तिथे जमिनीत जास्त पाणी मुरवणं म्हणजे दरड ढिली करणं ठरू शकतं.

ओहोळीत अनघड दगडी बांध, मीटरभर उंचीच्या आतले, एकाखाली एक. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत यावा, एवढा नियम पाळला की अंतर आपोआप ठरतं. शेतात बांधबंदिस्ती. त्याखाली माती नालाबांध, गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध), सिमेंट बंधारा. ही अभियंत्याची कामं आहेत, सांडव्याचं माप अंदाजाने काढू नका.

नव्या समितीला माझा आग्रह असतो की पहिलं काम वनराई बंधाऱ्याचं घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओढा वाहता असताना, एका दिवसात पाणी अडतं. खर्च नगण्य. पाणी त्याच आठवड्यात दिसतं आणि समितीला कळतं की हाक दिली तर कोण येतं, कोण येत नाही, जेवणाचं कोण बघतं, हिशेब कोण नीट ठेवतं. मोठ्या कामाआधी ही माहिती फार उपयोगी पडते.

गाळ काढण्याबद्दल जरा सविस्तर, कारण यंत्रांचा खर्च सगळ्यात जास्त तिथे होतो. समजा तलावातला १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि एक मीटर जाड थर काढायचा आहे. तो झाला ५,००० घनमीटर, म्हणजे सुमारे १,७६५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), आणि एका भरण्याला ५० लाख लिटर जादा साठा. एका एकरावर चार इंच गाळ पसरायला साधारण १४५ ब्रास लागतात, म्हणजे हा सगळा गाळ बारा एकरांत जिरतो. गाळ न्यायला तयार शेतकऱ्यांची यादी आधी करा, नाहीतर तो काठावर पडून पहिल्या पावसात परत आत येतो. यादीत हलक्या, मुरमाड जमिनीचे लहान शेतकरी आधी. मूळ तळ लागला की थांबायचं. काळा गाळ संपून मुरूम दिसू लागला की पोकलेनवाला ‘अजून फूटभर काढू’ म्हणतो, गावालाही वाटतं की खोल म्हणजे जास्त पाणी. ऐकू नका. मुरमाचा आणि भेगांचा थर हाच पाणी धरणारा थर आहे, तो खरवडून तुम्ही उघड्यावर आणलात तर शेजारच्या विहिरींचं पाणी तलावात पाझरून उन्हात उडून जातं. नाला खोलीकरणात हे फार ठिकाणी घडलं आहे. भरावाच्या पायथ्यापासून किती अंतर सोडायचं ते अभियंत्याकडून आखून घ्या. वाळू उचलायची नाही, हेही लिहून ठेवा.

परवानग्या आणि ग्रामसभा

पाझर तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते आधी शोधा. जिल्हा परिषद, मृद व जलसंधारण विभाग, पाटबंधारे, वन विभाग, चौघांपैकी कोणीही असू शकतं. वनजमिनीवर लेखी परवानगीशिवाय एकही चर नाही. खासगी शेतातून ओढा जात असेल तर त्या गटाच्या सर्व खातेदारांचं संमतीपत्र. सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतील तर त्यांचंही. भावकीचा वाद असलेल्या गटात काम सुरू करून मग समेट घडवू, असा विचार करू नका.

ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं बंधनकारक आहे. ती खरोखर भरवा, पाण्यासाठी पायपीट कोण करतं ते तिथेच कळतं. ठराव मोघम नको. असा असावा: “मौजे … येथील गट क्र. … मधील पाझर तलावातील गाळ लोकसहभागातून काढण्यास, तो सोबतच्या यादीप्रमाणे शेतकऱ्यांना देण्यास, तलावातून थेट उपसा न करण्याच्या अटीस आणि कामाचा जमाखर्च काम संपल्यापासून तीस दिवसांत ग्रामसभेपुढे ठेवण्यास ही सभा मंजुरी देत आहे. सूचक… अनुमोदक…” ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या.

शासकीय निधी हवा असेल तर वेळ महत्त्वाची. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत तयार होतो. त्यात तुमचं काम नसलं तर मार्चमध्ये कितीही खेपा घातल्या तरी उपयोग नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता. नव्या वर्षाचं प्रमाण ग्रामसेवकाकडून विचारून घ्या. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेसारख्या योजनांच्या आणि रोजगार हमीच्या अटी बदलत असतात, त्यामुळे पंचायत समितीतून चालू शासन निर्णयाची प्रत मागा. ऐकीव माहितीवर अर्ज करू नका.

पैसा

अंदाजपत्रक डिझेलपासून सुरू करा. बऱ्याचदा यंत्र एखाद्या संस्थेचं येतं आणि डिझेल गावाचं. विसेक टनी पोकलेनला तासाला १२ ते १५ लिटर डिझेल लागतं. मऊ गाळात आणि वाहनं रांगेत असतील तर तासाला ६०-६५ घनमीटर निघतो. म्हणजे वरच्या ५,००० घनमीटरला साधारण ८० तास, हजार-बाराशे लिटर डिझेल, लिटरला ९० रुपये धरले तर लाखभर रुपये. वाहतूक शेतकऱ्याची स्वतःची. ऑपरेटरचं जेवण-मुक्काम, यंत्र आणण्या-नेण्याचं भाडं आणि १० टक्के अडीअडचण वर धरा. यंत्राच्या तासमीटरचं सकाळचं आणि संध्याकाळचं वाचन समितीच्या दोघांच्या सहीने लिहायचं. हे ज्या गावाने केलं त्याला डिझेलवरून भांडण ठाऊक नाही.

वर्गणी एकरी ठरवली तर न्याय्य होते, घरपट्टीसारखी सरसकट ठरवली तर गरिबावर पडते. विहीरवाल्यांनी जास्त द्यावं, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. गावाबाहेर गेलेल्यांकडे जरूर जा. कोकणात मुंबईकर मंडळींच्या ग्रामविकास मंडळांनी पिढ्यान् पिढ्या गावची देवळं, शाळा उभ्या केल्या आहेत. घाटावरच्या गावांनी पुण्या-मुंबईतल्या आपल्या नोकरदारांना तसंच संघटित करावं. त्यांना रक्कम मागताना काम, माप आणि दर सांगा. ‘गावासाठी काहीतरी द्या’ म्हटलं की पाचशे मिळतात, ‘एका तासाचं डिझेल द्या’ म्हटलं की माणूस दहा तासांचं देतो. प्रत्येकाला छापील पावती.

श्रमदानाचे दिवस

पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ला वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली, तेव्हा आधी गावातल्या निवडक माणसांना प्रशिक्षण दिलं गेलं आणि मगच काम सुरू झालं. हाच क्रम ठेवा. आखणी आदल्या दिवशी संध्याकाळी पूर्ण असावी. लोक सहाला आले आणि फक्कीची रेघ नाही, तर दुसऱ्या दिवशी निम्मे येतात.

वेळ सकाळी सहा ते नऊ. एप्रिल-मेच्या उन्हात त्यानंतर कोणालाही थांबवू नका. प्रत्येक कुटुंबाला ठरलेल्या लांबीचा तुकडा द्या, तो संपला की माणूस मोकळा. टिकाव, फावडी, घमेली, पहारी मोजून द्या आणि मोजून घ्या. दर पन्नास माणसांमागे पाण्याचे दोन मोठे जार, मीठ-साखरेचं पाणी, प्रथमोपचार पेटी, आणि दगड उचलताना विंचू-सापासाठी काठी. जवळच्या कुठल्या दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे ते आधी विचारून ठेवा आणि एक गाडी कायम उभी. म्हातारी माणसं, गरोदर बाया यांना खोदकाम नको. हजेरी आणि पाणी हीही कामंच आहेत, तीही श्रमदानाच्या वहीत लिहा. यंत्र चालू असताना त्याच्या फिरण्याच्या कक्षेत कोणी जाणार नाही, फोटो काढायलासुद्धा नाही.

काम मृगाच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत आटपा. अर्धवट माती भराव पावसात सापडला तर केलेलंही वाहून जातं. मे महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर नवीन काहीच सुरू करायचं नाही, फक्त सांडवे, पिचिंग (भरावाच्या उतारावरचं दगडी अस्तर) आणि कडा पक्क्या करायच्या.

हिशेब आणि त्यानंतरचं वर्ष

जमाखर्च ग्रामपंचायतीबाहेरच्या फलकावर, आकड्यांत, पंधरवड्याला. कोणी किती दिलं यापेक्षा कशावर किती गेलं हे मोठ्या अक्षरांत. काम शासकीय निधीतून असेल तर मापपुस्तिकेत नोंद होताना समितीचे दोघं फीत घेऊन हजर राहा. काम संपताच ग्रामसभेत हिशेब वाचा आणि ज्याला शंका असेल त्याच्या हातात पावत्यांची फाईल द्या.

पहिल्या मोठ्या पावसात दोन-दोन जणांच्या जोड्या शिवारात पाठवा. कुठला चर फुटला, कुठल्या बांधाला बगल देऊन पाणी गेलं, ते वाहत्या पाण्यातच दिसतं आणि एका तासाच्या कामात दुरुस्त होतं. आठवड्यानंतर तिथे घळ झालेली असते. देखभालीसाठी प्रत्येक बंधाऱ्याला त्याच्या खालच्या चार-पाच विहिरीवाल्यांचा गट नेमून द्या आणि त्यांच्याकडून वर्षाला ठरावीक रक्कम दुरुस्ती खात्यात घ्या. वनराई बंधाऱ्याच्या गोण्या पावसाळ्याआधी काढून ठेवणं, चरांतला गाळ दर उन्हाळ्यात बांधावर टाकणं, सांडव्यातली बाभळीची झुडपं तोडणं, एवढीच ही कामं. पण तारीख आणि नाव लिहिल्याशिवाय ती होत नाहीत.

दर दोन वर्षांनी समितीतली एक तृतीयांश माणसं बदला. जाणाऱ्याने येणाऱ्याला आपली वही, मोजमापाची खूण केलेल्या विहिरी आणि तासमीटरच्या नोंदी प्रत्यक्ष दाखवून द्यायच्या. आणि दसरा झाला की त्याच आठ-दहा विहिरी पुन्हा मोजून, गेल्या वर्षीच्या पातळीशेजारी या वर्षीची पातळी आणि दोन्ही वर्षांचा पाऊस लिहून, नवा ताळेबंद फळ्यावर मांडायचा. पाऊस सारखा असून पातळी वर आली असेल तर कामांचा उपयोग झाला. पातळी जैसे थे असेल आणि शिवारात नव्या बोअर दिसत असतील, तर या वर्षी नवं खोदकाम घेऊ नका. तो हिवाळा ठरावातल्या नियमांवर पुन्हा बसण्यासाठी द्या.